एकदा म्हणजे हो

ताईने आईला कुशीवर वळवलं, पाठीशी खोचलेली उशी ओढून काढली आणि कोमट पाण्यातून पिळलेल्या फडक्याने पाठ पुसायला घेतली, तेवढ्यात दार न वाजवता थोरला भाऊ आत आला. कुणाच्या तरी लग्नाची उपासना उरकून आला होता. पाळकाचा पांढरा झगा अजून अंगावरच होता आणि कॉलर घामाने ओली झाली होती.

"अरे, थांब की बाहेर. उघडी आहे ती."

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, पण बाहेर काही गेला नाही. भिंतीलाच सांगावं तसं म्हणाला,

"रविवारी उपासनेनंतर मंडळीचे पंच येणार आहेत. हेडमास्तर आणि औषधवाले."

"भेटायला?"

"विचारायला."

ताईचा हात आईच्या पाठीवर थांबला. मग तिने फडकं बादलीत टाकलं, टॉवेलने पाठ कोरडी केली, पावडर लावली, गाऊन खाली ओढला आणि आईला पुन्हा उताणं केलं. आई छताकडे बघत होती. आईला ऐकू येतं, सगळं कळतं, असं डॉक्टर म्हणायचे. पण ऐकून घेण्यापलीकडे तिच्या हातात काही उरलं नव्हतं.

हातात म्हणजे अगदी हातातच. अर्धांगाचा झटका आला त्याला दोन हिवाळे झाले होते. उजवं अंग गेलं, वाचा गेली, डाव्या हाताच्या बोटांत तेवढी थोडी शक्ती राहिली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी तेव्हा युक्ती सांगितली होती: हात हातात घ्यायचा आणि विचारायचं. एकदा दाबला म्हणजे हो, दोनदा दाबला म्हणजे नाही. ताई रात्रंदिवस जवळ, त्यामुळे हात धरायचा तो ताईने आणि उत्तर मोठ्याने सांगायचं तेही ताईनेच. सुरुवातीला आईचा हात भलताच बोलका होता. पाव दुधात भिजवून देऊ का, म्हटलं की दोनदा दाबायची आणि वर चिमटा काढायची. "म्हातारीचा तोरा गेला नाही अजून," असं म्हणत ताई हसायची.

"काय विचारणार आहेत?" ताईने विचारलं, खरं तर ठाऊक असूनही.

"तेच. येशू देव आहे, हे ती मानते का." थोरल्याने आता तोंड इकडे केलं. "ती आपल्या छोट्याच्या सभेला गेली होती ताई. दोनदा. झटका यायच्या आधी. लोकांनी पाहिलंय."

मंडळीत लोक पाहतातच. त्यासाठी वेगळी नेमणूक करावी लागत नाही. आई रविवारी विश्वासांगीकार म्हणताना मधली एक ओळ गाळते, हेही शेजारच्या बाकावरच्या बाईने पाहून ठेवलं होतं. नेमकी तीच ओळ, पुत्र हा खरा देव आहे ती. आईला कुणी विचारलं तर ती म्हणायची, "दम लागतो गं, सगळं एका श्वासात कुठलं जमतंय?" खरंखोटं तिचं तिला माहीत.

चर्चच्या मागे दफनभूमीत वडिलांच्या शेजारी आईसाठी जागा राखून ठेवलेली होती. वडील गेले तेव्हाच आईने ती मागून घेतली होती, आणि त्यानंतर किती वर्षं ती दर रविवारी तिथलं गवत स्वतः उपटायची, आपल्या जागेवरचंसुद्धा. पण त्या मंडळीचा एक जुना नियम होता. दुसऱ्या शिकवणीच्या सभेत जाऊन बसलेल्या माणसाला तिथे पुरायचं असेल, तर त्याने आधी दोन पंचांसमोर परत कबुली द्यायची: पिता देव, पुत्र देव, पवित्र आत्मा देव, आणि तरी देव एकच. कबुली नाही तर जागा नाही. मग गावाबाहेरची सरकारी दफनभूमी, जिथे कुणाच्या शेजारी कोण, याला काही अर्थ नसतो.

"तिने उत्तर दिलं की झालं," थोरला म्हणाला. "एकदा हात दाबायचा. त्यात काय आहे?"

"आणि दोनदा दाबला तर?"

थोरल्याने झग्याची बटणं सोडायला घेतली. सगळी सोडून झाली तरी त्याची बोटं बटणं शोधत होती.

"हे घर मंडळीचं आहे ताई. पाळकाची आईच नाही म्हणाली तर पाळक कशाला ठेवतील? माझी बायकोमुलं तिकडे शहरात, मुलांची शाळा सोडून कुठे येणार? तू तरी आईला घेऊन कुठे जाशील?" मग आवाज खाली आणून, "हात तुझ्या हातात असतो. एवढंच सांगतो."

तो गेला. ताई खिडकीशी जाऊन उभी राहिली. खिडकीतून चर्चची मागची भिंत दिसायची, बस्स. दोन हिवाळे ती ही भिंत बघत होती. कचरा टाकायला फाटकापर्यंत आणि कपडे वाळत घालायला अंगणापर्यंत, एवढाच तिचा प्रवास. एके काळी ती गायनवर्गात पहिल्या रांगेत उभी राहायची. आता रविवारी तिला भिंतीतून गाणं ऐकू यायचं आणि खालच्या पट्टीतला सूर कोण चुकवतंय हेही कळायचं.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. आईचा हात केव्हाच गप्प झाला होता, आणि हे ताईशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

उन्हाळा लागायच्या सुमारास दोघे भाऊ एकाच दिवशी आले आणि जुंपली. धाकट्याचं, म्हणजे छोट्याचं, चष्म्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या माडीवर त्याची सभा भरायची. दहाबारा माणसं, एक पेटी, चटया. देव एकच आणि तो म्हणजे पिता, येशू हा त्याचा पुत्र, त्याने निवडलेला, त्याने पाठवलेला, पण स्वतः देव नव्हे, असं ती माणसं मानायची. त्या दिवशी थोरला पलंगाच्या एका बाजूला बसला होता, धाकटा दुसऱ्या बाजूला, आणि वाद आईच्या अंगावरून इकडून तिकडे चालला होता.

"तो पहाटे उठून डोंगरावर प्रार्थनेला जायचा ना?" धाकटा म्हणाला. "कुणाची करायचा? स्वतःचीच?"

"पुत्र पित्याशी बोलतो. त्यात अवघड काय आहे?"

"अवघड काहीच नाही. दोघं बोलतात म्हणजे दोघं आहेत. मग देव किती?"

"एक."

"दादा, मी चष्मे विकतो. एकाचे दोन दिसायला लागले की लोक माझ्याकडेच येतात."

ताईला हसू फुटलं होतं, तिने ते खोकल्यात घालवलं. पण थोरला हसला नाही. त्याचे कान लाल झाले.

"आणि वादळाला गप्प बस म्हणणारा कोण होता? माणसाने दटावलं की समुद्र ऐकतो? क्रुसावर नुसता एक चांगला माणूस मेला असेल छोट्या, तर चांगली माणसं रोजच मरतात. मी लहान लेकरांना पुरलंय. त्यांच्या आयांना काय सांगू? की कुणी एक भला माणूस होता, तोही असाच मेला? देव स्वतः खाली उतरला नसेल तर माझ्याकडे त्यांना द्यायला काहीही नाही."

"आणि तो देवच असेल तर धरायला आले त्या रात्री बागेत रडला कशाला? देव काय नाटक करत होता?" आता धाकट्याचाही आवाज चिरकला. "मला तो घाबरलेला माणूस हवाय दादा. माझ्यासारखा घाबरलेला आणि तरी पळून न गेलेला. तुम्ही त्याला इतक्या उंच नेऊन बसवलंत की माझा हातच पोचत नाही."

मग दोघेही एकदम आईकडे वळले. थोरला म्हणाला, "आई, तूच सांग," आणि धाकटाही तेच म्हणाला, आणि दोघांनी ताईच्या हातातल्या त्या हाताकडे बघितलं. ताईच्या हातात तो हात तोवर जिवंत होता, अंगठा हळूहळू हलत होता. तो थांबला. जड झाला. ताईने वाट पाहिली, मग म्हणाली, "झोपली वाटतं. जा तुम्ही आता."

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, पाणी हवं का? काही नाही. पडदा ओढू का? काही नाही. आठवडा गेला. डॉक्टर येऊन बघून गेले, म्हणाले, वय आहे, होतं असं, उरलेली शक्तीही कधीतरी जातेच. ताईने मान डोलावली आणि ते गेल्यावर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडून घेतलं.

पण भावांना तिने सांगितलं नाही. सांगायचंच होतं, पण शुक्रवारी धाकटा आला, आईचा हात ताईच्या हातात देऊन खाली मान घालून म्हणाला, "विचार तिला, माझ्यावर रागावली का." ताईने हात धरला, थोडं थांबली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "दोनदा दाबला. नाही म्हणते." धाकट्याने असा सुस्कारा सोडला की ताईला वाटलं, एवढ्याने कुणाचं काय बिघडलं? मग छोट्याच्या जुळ्या पोरींना आजीने बोलावलं आहे, असं तिने सांगितलं, आणि त्या दर शनिवारी यायला लागल्या, ताईच्या वेण्या घालून द्यायला लागल्या. एका संध्याकाळी थोरला येऊन बसला आणि म्हणाला, "तिला विचार, मी लोकांना जे सांगतो ते मलाच कधीकधी कळत नाही. तरी सांगत राहू का?" ताई त्याच्याकडे बघतच राहिली. त्याने हे कुणापाशी म्हटलं नसेल. तिने मुका हात घट्ट धरला आणि म्हणाली, "एकदा. हो म्हणते." त्या रविवारी भिंतीतून त्याचं प्रवचन ऐकू आलं, किती दिवसांनी तरी खणखणीत.

अशी आई आता ताईच्या तोंडून बोलत होती आणि दोन्ही भाऊ तिच्या पायाशी येऊन बसत होते. त्यात वाईट काय होतं, ताईला कळत नव्हतं. आणि चांगलं काय होतं, तेही रात्री झोप लागेना तेव्हा नीट सांगता यायचं नाही.

गुरुवारी धाकटा आला. त्याला बातमी लागलीच होती. तो बसला नाही. खिशातून चष्म्याचं फडकं काढून आईचा जुना चष्मा पुसत राहिला, जो आईने दोन हिवाळ्यांत डोळ्यांना लावला नव्हता.

"ताई, तुला गळ घालायला नाही आलो," तो म्हणाला. "आई माडीवर येऊन बसली होती तेव्हा काय म्हणाली ते मला माहीत आहे. जाताना म्हणाली, इथे बरं वाटतं. बस्स, एवढंच. मी त्यातून काय समजायचं ते समजलो. ती नाही म्हणाली तर नाही सांग, हो म्हणाली तर हो सांग. मी ऐकून घेईन."

"मग झालं तर."

"पण दादासाठी, या घरासाठी तू तिच्या तोंडी काही घातलंस ना," त्याने चष्मा ठेवला, "तर मी परत या दारात येणार नाही. पोरीही येणार नाहीत. आईचं मरण तुम्ही तुमच्यात वाटून घ्या."

"छोट्या!"

"मी खरं तेच बोलतोय."

तो गेल्यावर ताई पलंगाच्या कडेला बसली. कात्रीत सापडणं म्हणतात ते हे. हो म्हणावं तर धाकटा तुटला, त्याच्याबरोबर त्या दोन पोरीही. नाही म्हणावं तर आई नवऱ्यापासून दूर कुठेतरी एकटी, आणि थोरल्याचं घर उठलं. हात मुका झालाय हे सांगून मोकळं व्हावं, तर कबुली नाही म्हणजे जागा नाही; आणि शिवाय, मग 'रागावले नाही' कोण म्हणालं, 'सांगत राहा' कोण म्हणालं? दोघांच्याही हातातून ते काढून घ्यायचं? तिने आईच्या तोंडाकडे बघितलं. आई छताकडे बघत होती.

"बोल ना गं काहीतरी," ताई चिडून म्हणाली. "तुझ्यापायी माझा जीव जायची वेळ आली." आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली, म्हणून उगाचच चादर सारखी केली.

रविवारी भिंतीतून शेवटचं गाणं संपलं आणि ताई उठली. तिने आईचे केस विंचरले, स्वच्छ गाऊन घातला, खुर्च्या मांडल्या. धाकटा आधीच येऊन कोपऱ्यात उभा होता, भिंतीला पाठ लावून. मग थोरला पंचांना घेऊन आला. औषधवाले लठ्ठ, घामाघूम, आल्या आल्या पंखा कुठे आहे ते बघणारे. हेडमास्तर उंच, वाळलेले, कोटाची सगळी बटणं लावलेली. वडिलांचे ते मित्र. ताईला त्यांनी शाळेत शिकवलं होतं आणि त्यांची छडी तिला अजून आठवत होती.

औषधवाले खुर्चीत बसले, म्हणाले, "पाळकसाहेब, आधी यांना थोडं समजावून सांगा, म्हणजे प्रश्न नीट कळेल."

थोरल्याने घसा खाकरला. "आई, असं बघ. पाणी असतं, बर्फ असतो, वाफ असते. तिन्ही वेगवेगळी दिसतात, पण पाणी एकच—"

"ते उदाहरण नको," हेडमास्तर म्हणाले.

"का?"

"एकच पाणी एका वेळी तिन्ही नसतं. देव कधी पिता होतो, कधी पुत्र होतो, असा अर्थ निघतो त्यातून. त्या चुकीसाठी जुन्या काळी लोकांना मंडळीबाहेर काढलंय." त्यांनी चष्मा नाकावर वर सरकवला. "तुम्हाला काढायची वेळ आणू नका आमच्यावर."

कोपऱ्यात धाकटा खुदकन हसला. थोरल्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. एरवी ताईलाही हसू आलं असतं. आज तिचं लक्ष आईच्या हाताकडे होतं, तो चादरीवर पडून होता, एखादी वस्तू ठेवावी तसा.

"घ्या हात," औषधवाले तिला म्हणाले. "विचारू आपण."

ताईने हात घेतला. थंड, जड. थोरला तिच्याकडे बघत होता, धाकटा तिच्याकडे बघत होता. पंखा आवाज करत फिरत होता. तिच्या मनात आलं, आत्ता या क्षणी आपण नुसतं उठून चालायला लागलो तर? फाटकाबाहेर, रस्त्याने, सरळ. पण पाय जागचे हलेनात आणि हात तर आईच्या हातात होता.

"मला नाही जमणार," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मी नाही धरणार हात. मी काही सांगितलं तरी यांच्यातला एकजण म्हणेल, ताईने केलं." तिने आईचा हात हेडमास्तरांच्या दिशेने केला. "तुम्हीच धरा मास्तर. तुमचं तरी सगळे ऐकतील."

खोलीत चुळबूळ झाली. थोरला पुढे होऊ लागला, "ताई, अगं तुलाच सवय आहे," पण हेडमास्तर उठले होते. त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली, बसले आणि ताईच्या हातातून आईचा हात घेतला. आपल्या दोन्ही हातांत धरला. ताई मागे सरकून खिडकीशी उभी राहिली. आता काही होणार नाही हे तिला ठाऊक होतं. मास्तर प्रश्न विचारतील, वाट बघतील, आणि मग मान हलवून म्हणतील, उत्तर नाही. संपेल सगळं. जे व्हायचं ते तिच्या तोंडून न होता होईल, एवढीच काय ती सुटका.

हेडमास्तर बराच वेळ काही बोललेच नाहीत. औषधवाल्यांनी दोनदा घड्याळात बघितलं. मग हेडमास्तर आईच्या कानाशी वाकले आणि काहीतरी बोलले, इतकं हळू की खोलीत कुणालाच ऐकू आलं नाही. तसेच वाकून राहिले. मग ताठ झाले.

"वहिनींनी उत्तर दिलं," ते म्हणाले. "एकदा."

ताईने खिडकीचा गज धरला.

"एकदा म्हणजे हो," औषधवाले म्हणाले आणि लगबगीने उठले. "झालं तर! प्रभूची स्तुती असो. मी सांगतच होतो."

"काय विचारलंत?" धाकट्याने विचारलं. तो भिंतीपासून सुटून पुढे आला होता, चेहरा पांढरा पडला होता. "मोठ्याने का नाही विचारलंत?"

"विचारणारा मी, उत्तर देणाऱ्या त्या," हेडमास्तर म्हणाले. "पंचांना यापुढे त्यांना काहीही विचारायचं नाही. जागा त्यांचीच आहे. तुमचा वाद तुम्ही अंगणात करा, इथे नको."

वर्गात बोलत तसे बोलले ते, आणि दोघे भाऊ खरंच वर्गातून काढल्यासारखे बाहेर गेले. जाताना धाकटा ताईपाशी थांबला. तिच्या खांद्याला हात लावला. निदान तिच्यावर तरी तो रागावला नव्हता.

औषधवाले घाम पुसत पुढे गेले. हेडमास्तर उंबऱ्याशी रेंगाळले.

"मुली," ते हळूच म्हणाले, "तो प्रश्न मी विचारला नाही."

ताईने गज सोडला आणि दोन पावलं पुढे आली.

"विचारणार होतो. जन्मभर पोरांकडून पाठ करून घेतलाय, आता काय अवघड? पण हात हातात आला आणि तो प्रश्न काही तोंडातून निघेना. माझी बायको गेली तेव्हा मी तिचा हात असाच धरला होता, आणि तिच्याकडूनही काय काय वदवून घेत बसलो होतो." त्यांनी कोटाचं वरचं बटण सोडलं आणि परत लावलं. "म्हणून वहिनींना एवढंच विचारलं, दमलात का."

"आणि तिने..." ताई त्यांच्या बोटांकडे बघत म्हणाली. "मास्तर, खरं सांगा. हात खरंच दाबला?"

"म्हणजे काय? दाबतात ना त्या?" त्यांनी आपला हात पुढे केला. बोटातली अंगठी शेजारच्या बोटात रुतली होती, तिथे लाल वळ उठला होता. "म्हातारीच्या हातात केवढा जोर आहे बघ."

ते गेले. ताईने दार लोटता लोटता बाहेर पाहिलं. अंगणात नळापाशी दोघे भाऊ उभे होते, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. बोलत नव्हते, पण कुणी निघूनही जात नव्हतं.

ती पलंगाच्या कडेला बसली. आईच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे गेलं होतं. ताईने ते पदराने टिपलं, मग तो हात आपल्या हातात घेतला. गेले कित्येक दिवस तिने या हाताला काही विचारलंच नव्हतं. नुसती उत्तरं सांगितली होती.

"आई, तुला दाबता येत होतं?"

हात दाबला गेला. एकदा.

"म्हणजे इतके दिवस... मुद्दाम?"

एकदा.

ताईला एकदम संताप आला. ओरडावंसं वाटलं, की मी मेले इथे, आणि तू गप्प पडून राहिलीस! पण मग तिला ते दोघे आठवले, पलंगाच्या दोन बाजूंनी वाकलेले, तूच सांग, तूच सांग म्हणणारे. एकाला हो म्हटलं की दुसरा गेला. आईला तरी दुसरं काय करता आलं असतं? बोलायला एवढी बोटंच उरली होती, ती तिने मिटून घेतली होती. ताईला दार तरी होतं, फाटकापर्यंत जाता येत होतं.

"मग मी त्यांना जे सांगत होते, ते सगळं ऐकत होतीस तू," ताई म्हणाली. हे तिने विचारलं नव्हतं, तरी हात दाबला गेला. एकदा.

खोलीत पंख्याचा आवाज होता. शेवटी ती वाकली, मास्तर वाकले होते तशीच, अगदी कानाशी.

"तुझ्या नावाने मी खोटं बोलले, आई. छोट्याला सांगितलं, रागावली नाही. दादाला सांगितलं, सांगत राहा. माझं चुकलं का गं?"

तिने वाट पाहिली. आईची बोटं तिच्या बोटांभोवती आवळली. एकदा.

ताईने डोळे मिटून घेतले. बरोबर आहे, तिला वाटलं, बरोबरच आहे, आणि ती हात सोडवून घ्यायला गेली.

तेवढ्यात तो हात पुन्हा आवळला गेला, आधीपेक्षा जोरात, आणि मग त्याने तिला सोडलंच नाही.